हवेची बाटली

क्लबातले सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि खोटं कशाला सांगू, त्याला ते आवडायचं. छऱ्याच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. कुठला वॉशर गळतोय हे तो नुसत्या कानाने ओळखायचा. असा माणूस चुकायला लागला की त्याला अडवणार कोण?

त्या वर्षी क्लबाने त्याच्या सुनेसाठी स्पर्धेची नवी बंदूक घ्यायचं ठरवलं. सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि संध्याकाळी नेमबाजी करायची. शरीराने काटकुळी, पण नजर अशी की संघातली एक जागा तिचीच, असं सगळे धरून चालले होते. दुकानदाराने दोन बंदुका पाठवल्या. एकीत हवा साठवायला पुढे जाडजूड बाटली होती, दुसरीत बंदुकीखालून जाणारी सडपातळ नळी.

उस्तादाने आपल्या पद्धतीने परीक्षा घेतली. टेबलावर वाळूची पिशवी, पिशवीवर बंदूक आणि मागे खुर्चीत स्वतः. बाटलीवालीचे दहाच्या दहा छर्रे एका भोकात गेले.

"बाबा, ही पुढून जड लागते हो," सून म्हणाली. "नळीवालीच घेऊ या ना."

"होईल सवय. बाटली एकदा दुकानातून भरून आणली की आठवडा बघायला नको. त्या नळीला दर चाळीस छऱ्यांनी पंप मारत बसावं लागतं."

शेवटी बाटलीवालीच आली.

निवड चाचणी साठ छऱ्यांची, उभ्याने. चाळीसपर्यंत सून सगळ्यांच्या पुढे होती. मग छर्रे खाली खाली लागायला लागले आणि दोन गुणांनी तिची जागा गेली. क्लबाच्या सेक्रेटरीने तिला विचारलं, "बंदुकीत काही बिघाड आहे का?"

तिने तोंड उघडायच्या आत उस्ताद गरजला, "बंदुकीला काय धाड भरलीय? नाचता येईना अंगण वाकडं!"

लोक हसले. तिने खाली मान घालून बंदूक पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी क्लबात रंगकाम निघालं आणि टेबल व्हरांड्यात गेलं. सुनेच्या बंदुकीची माशी, टोकावरची नेम धरायची खूण, तपासायची होती, म्हणून उस्ताद अकरा वर्षांनी उभा राहून नेम धरायला लागला. चौथ्या छऱ्याला बंदुकीचं तोंड खाली झुकलं. सातव्याला डावा हात थरथरायला लागला. आणि उस्तादाचे हात कसले, मुसळं होती ती! आणि त्या पोरीने हे ओझं साठ वेळा उचललं होतं.

आधी त्याने स्वतःची समजूत घातली, की पिशवीवर तपासली म्हणून वजन कळलं नाही, चूक कुणाचीही होते. पण मनाला किती फसवणार? क्लबातल्या बंदुकांना पंप तोच मारायचा, तेव्हा नळीलाही त्यालाच मारावा लागला असता. वाकलं की त्याची कंबर धरायची, आणि हे क्लबात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. बाटली त्याने स्वतःच्या कमरेसाठी निवडली होती.

तो तडक सेक्रेटरीकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. सेक्रेटरीने ऐकून घेतलं, पण नावांची यादी सकाळीच वर गेली होती.

घरी सून पडद्याची उसवलेली शिवण घालत बसली होती. तिच्या डाव्या खांद्याला मलमाचा वास येत होता. तो दारातच उभा राहिला.

"तुझं खरं होतं. बंदूक जडच आहे. मी माझ्या कमरेपायी ती तुझ्या गळ्यात मारली."

"कमरेचं मला ठाऊक होतं, बाबा. पंप मारून आलात की रात्रभर कण्हायचात."

"मग काल सेक्रेटरी विचारत होता तेव्हा बोलली का नाहीस? मी गप्प बस म्हटलं नव्हतं."

तिने सुई पडद्यात टोचून ठेवली. "बोलले असते तर चार माणसांत तुमचा शब्द खाली पडला असता."

त्याच चार माणसांना त्याने तिच्यावर हसवलं होतं. उस्तादाला मान वर करवेना.

"जेवायला वाढू?" तिने विचारलं. त्याला हो म्हणायचीसुद्धा लाज वाटली.