सूर अर्ध्यावर लटकला

गल्लीत तिला सगळे सुईआत्या म्हणत. अंगकाठी सुईसारखी आणि बोलणंही टोचरं. कपड्यांना चेन बसवणं, बाह्या आवळणं हा तिचा धंदा. गिऱ्हाईक नसलं की मशीनशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर ट्रॅकर उघडून बसायचं, हा नाद. ट्रॅकर म्हणजे संगीत लिहायचं सॉफ्टवेअर: वरून खाली ओळी, ओळीत सूर, आणि त्या सुरानं काय करायचं ते सांगणारा आकडा.

भाचीच्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धेचं संगीत तिनंच रचलं होतं. मोठ्या उडीला एक सूर खालून सरकत वर चढायचा. तो पोचला की भाचीचे पाय जमिनीला टेकायचे.

स्पर्धा चारला आणि दीड वाजता भाचीचा फोन.

"आत्या, सर म्हणतात संगीत रेंगाळतंय. थोडं पळव ना!"

"आत्ता? ऐन तोंडावर?"

पण तिनं वेगाचा सहाचा आकडा चार केला. तो जितका लहान, तितकी ओळ लवकर संपते. वाजवून बघितलं. सूर अर्ध्यावर लटकला होता, पार बेसूर. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. घड्याळाकडे बघवेना.

मग उमगलं. वेगाचा आकडा म्हणजे एका ओळीतले ठोके; आधी ते सहा होते. पहिल्या ठोक्याला सूर नुसता वाजतो, चढतो उरलेल्या पाचांना. दर ठोक्याला सहा पायऱ्या, म्हणजे तीस. आता ठोकेच चार, चढायला उरले तीन. तीन सक अठरा! तीस गाठायला दर ठोक्याला दहा पायऱ्या हव्यात. घाईघाईनं तिनं पायऱ्यांच्या सहाच्या जागी १० टाकले. सूर किंचाळत आभाळात गेला.

"मेले!"

ट्रॅकरमधली मोजणी सोळाची: नवानंतर 'ए' ते 'एफ', मग १०. १० लिहिलं की सोळा होतात. खऱ्या दहाला 'ए' लिहायचा. वर्षानुवर्षं पाठ असलेलं भीतीनं पुसून टाकलं होतं. 'ए' टाकला. सूर नेमका जागेवर बसला.

फाइल पाठवून ती धावतपळत हॉलवर पोचली. सरांनी जुनीच लावली तर? संगीत सुरू झालं, नवंच होतं. सूर चढू लागला, भाची हवेत गेली. सूर पोचला; पाय मात्र क्षणभर उशिरा टेकले.

चौथा नंबर आला.

"माझं चुकलं का गं?" आत्यानं घाबरत विचारलं.

"छे! सूर वेळेवर आला. मीच मागे राहिले."

आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.