वास मारणारा देव

खांब गावची बायजाकाकू थकली ती शेताने नव्हे, देवाने. तिची-माझी घरं एका भिंतीची, म्हणून हे मी हक्काने सांगते.

भात निघाल्यावर पेरलेल्या वालाच्या शेंगा ती तोडत होती. भरदुपारी निरभ्र आभाळ गडगडलं आणि बांधाजवळ एक दगड येऊन आपटला. वरून काळपट, फुटल्या बाजूने पांढुरका, त्यात तपकिरी दाणे. काकूने तो पदरात घालून आणला आणि देव्हाऱ्यात बसवला. वरून आलेल्याला कोणी दारात ठेवतं होय?

रोज सकाळी त्याला तांब्याभर पाण्याची आंघोळ. पण पाणी पडलं की देव नासक्या अंड्यासारखा वास मारायचा. काकूला वाटलं, आपलेच हात माशांनी विटाळलेत. तिने सुकट सोडली, बोंबील सोडले. कोकणात राहून हे म्हणजे अर्धा संन्यासच. तरी वास जाईना, म्हणून दोनदा आंघोळ सुरू झाली. त्यातच तिचा मुलगा सखा आंब्यावरून पडला आणि पायाने अधू झाला. मग देव कोपल्याचं पक्कंच झालं. पहाटे पाणी, तिन्हीसांजेला पाणी, मधे शेत आणि सख्याचं सगळं. विहिरीवरून येताना ती वाटेतच बसायची. पुरे कर गो काकू, मी ओरडायचे. ती नुसता हात हलवायची. मला त्या दगडाचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

गेल्या मे महिन्यात माझी मावसबहीण इंदू आली. ती कॉलेजात खनिजं शिकवते. दगड बघून ती देव्हाऱ्यापुढे फतकल मारूनच बसली. तपासावा लागेल, पण हा उल्कापाषाण असावा, म्हणाली. अशा काही दगडांत ओल्डहॅमाइट नावाचं दुर्मीळ तपकिरी खनिज असतं, कॅल्शियम आणि गंधकाचं. प्राणवायू जवळजवळ नसतो तिथे ते घडतं, म्हणून पृथ्वीवर आपसूक झालेलं सहसा मिळत नाही. पाणी त्याचं वैरी. ओल लागली की ते विरतं आणि तो वास सुटतो. बहुतेक दाण्यांच्या जागी आता नुसती भोकं उरली होती. पहिल्यापासून कोरडा ठेवला असता तर, म्हणून इंदू हळहळत राहिली. मला तिचाही राग आला.

काकूने त्यातलं एकच ऐकलं होतं.

"म्हंजे वास पान्यानं येत व्हता?"

"हो काकू. कुणीही पाणी घातलं असतं तरी आला असता."

"माज्या हातानं नाय?"

"नाही."

काकू भिंतीला टेकली. "मग सख्याचा पाय? तो बी माज्यामुलं नाय ना गेला?"

इंदूने काकूचे दोन्ही हात धरले आणि नाही म्हणाली. काकू रडली. सखा पडला तेव्हाही ती रडली नव्हती.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले.

"इतके दिस येवढंच इचारायचं व्हतं गो," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "पर कोनाला इचारनार?"