शेवंतावहिनी आणि पिंजऱ्यातल्या कोंबड्या

दिवस मावळला की शेवंतावहिनी एकेक कोंबडी उचलून अंगणातल्या आडव्या बल्लीवर बसवायच्या. कोंबडी धपकन खाली यायची. वहिनी पुन्हा वर ठेवायच्या. "पायानं धर गं बाई. पडत नायस." कोंबडीला बसायला शिकवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. फुलंब्रीत आमची घरं लागून. मी गावाबाहेरच्या पोल्ट्रीवर राखणीला होतो. तिथं कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यात. पंख पसरायला जागा नाही, पण दाणा-पाणी तोंडापुढं. अंडी कमी झाली की कटाईला. एकदा वहिनी माझा डबा घेऊन आल्या आणि कटाईच्या गाडीत चाललेल्या चार पांढऱ्या कोंबड्या मालकाकडून मागून घेतल्या.

"हिचा पाय मातीला लागलाय का कधी?"

"नाय. पण तिथं मांजर बी नाय, उपास बी नाय."

"तुमाला कोंडून दोन्ही वक्ताला पुरणपोळी वाढली तर चालंल का, भावजी?"

"चालंल," मी म्हणालो. हरणं माझ्या रक्तात नाही.

घरी अंगण मोकळं होतं, तरी चौघी कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या. हळूहळू माती उकरायला लागल्या. वहिनींचं तोंड उजळलं. मग एका सकाळी मांजरानं एक नेली. वहिनी पिसं गोळा करत बसल्या. मी म्हणालो, "बघा, पिंजऱ्यात जगली असती." त्या म्हणाल्या, "जगली असती व्हय? गाडीत बसली होती ती." मला एकदम घरचं काम आठवलं. म्हणून मी घरी गेलो.

पुढं मी आणि वहिनी पाचोडच्या बाजाराला गेलो तेव्हा वाटेत एकाची पोल्ट्री बघितली. पिंजरे नाहीत, शेडमध्ये भाताच्या तुसावर कोंबड्या मोकळ्या. वहिनी खूश. तेवढ्यात पाच-सहा जणी मिळून एकीला टोचताना दिसल्या. तिच्या पाठीवर पीस नव्हतं, रक्त होतं.

"मोकळं सोडलं तरी असंच का वो?" वहिनींनी विचारलं. मला काय ठाऊक? "दाटी लई असंल," मी दडपून सांगितलं.

मग त्यांनी खुराडं बांधलं. रात्री दार लावायच्या, दिवसा सताड उघडं. "आत बसायचं का भाईर, तिचं तिनं ठरवावं." दोघी बाहेर हुंदडायच्या. तिसरी मात्र दिवसभर आतच. दाणा बाहेर टाकला तर मान काढून बघायची आणि मागं सरायची. वहिनी दारापुढं मांडी घालून तिच्याशी बोलायच्या. "तुला आतच बरं वाटतंय, का भाईरचं ठाऊकच नाय? सांग तरी." कोंबडी काय सांगणार!

यंदाच्या थंडीत वहिनींनी अंथरूण धरलं. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "भावजी, तिला वढून काढू नका. आन् दिवसाचं दार बी लावू नका."

त्या गेल्या. दोन कोंबड्या वहिनींच्या लेकीनं नेल्या. तिसरी माझ्याकडं राहिली. कुंपणावर मांजर बसलेलं असतं. मी काठी घेऊन खुराड्यापाशी बसतो. दार उघडं ठेवलं तर मांजराची भीती, लावलं तर वहिनींची. कोंबडी आतून बघते. तिला काय पाहिजे, ते मला अजून कळलेलं नाही.