माळ्यावरची पुस्तिका आणि चिंचेवरची तार

आमच्या मावशीच्या यजमानांइतका परीक्षेवर जीव टाकणारा आणि परीक्षेतच दणकून आपटणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. देवळाली प्रवरात त्यांचं पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. नव्वदच्या दशकात आसपासचा निम्मा ऊस त्यांच्या तांब्याच्या तारेवर पोसला गेला असेल, पण काकांचा जीव हौशी रेडिओवर, म्हणजे हॅमच्या बिनतारी गप्पांवर. स्वतः जोडलेल्या यंत्रावर ते लांबलांबची बोलणी नुसती ऐकत. बोलायला सरकारी लायसन लागतं. एकदा तरी आपणही बोलावं, एवढीच त्यांची आस. जळकी मोटार घेऊन कुणी आला की आधी त्याची तोंडी परीक्षा. "जळाली कशानं? सांगा, मंग हात लावतो!" चहा हवा असला की कपावर चमच्यानं मोर्सच्या तारभाषेत कडकट्ट, मावशी आतून पळीनं 'साखर संपली' असं वाजवायची.

लायसनच्या परीक्षेला काका आणि मी असे दोघंही बसणार होतो. मी कुठूनशी प्रश्नोत्तरांची छापील पुस्तिका पैदा केली. पेपरात ह्यातलेच प्रश्न येतात म्हटल्यावर काका खवळले. "आधीच समदं ठावं असल्यावर परीक्षा कसली रं? ह्यो तर फुटलेला पेपर!" पुस्तिका सुतळीनं बांधून माळ्यावर गेली. मी ती हळूच काढली आणि आठ दिवसांत घोकून टाकली. अर्थ? अर्थाच्या वाटेला कोण जातो!

पेपरात पहिलाच प्रश्न अँटेनाचा. मी पाच ओळी ओतून पुढं सरकलो. काकांनी आठ पानं लिहिली, आकृत्या काढल्या, प्रश्न कसा अपुरा आहे तेही समजावलं, तोवर घंटा झाली. मी पास, काका नापास!

लायसन आल्यावर पहिल्यांदा बसलो तो त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच यंत्रापुढे. केरळातून एकजण बोलला. अँटेना कोणती, म्हणाला. पुस्तिकेत प्रश्न असा नव्हता हो! काका मागून कुजबुजले, "आडवी तार हाय, मधी तोडल्याली, चिंचंला बांधलीय म्हन." मी तेच इंग्रजीत सांगितलं. तिकडून वाहवा आली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, तुम्हीच बोला ना."

"न्हाई. लायसन न्हाई आपल्याला." पुढं झालेला हात त्यांनी मागे घेतला. "नमस्कार तेवढा सांग त्याला. कुनाचा ते सांगू नको."

मी सांगितला, पण गळा इतका दाटला होता की शब्द धड फुटेना. तिकडचा म्हणाला, आवाज फाटतोय, अँटेना बघा जरा.

काका लगबगीनं चिंचेकडे धावले.