शुक्रवारचा नॉर्वेजियन पिक्चर

सौदीतल्या जुबैलमध्ये माझं काम वेल्डिंगमधल्या खोटी शोधायचं. दुसऱ्याने जोडलेला पाइप टॉर्च मारून बघायचा, खोट दिसली की पिवळ्या मार्करने गोल करायचा आणि वर शिव्या खायच्या. ही खोड कामापुरती राहत नाही. जेवणात, माणसांत, पिक्चरमध्ये, मला आधी खोटच दिसते. बायको म्हणायची, तुमच्याबरोबर पिक्चर बघणं म्हणजे परीक्षेला बसणं.

तरी दर शुक्रवारी आम्ही एकत्र पिक्चर बघायचो. ती दापोलीजवळच्या आमच्या गावात, मी इथे कॅम्पच्या खोलीत. जुम्याची नमाज आणि जेवण आटोपलं की मी फोन लावायचो, दोघं आपापल्या ठिकाणी एकदमच पिक्चर सुरू करायचो आणि तो संपेपर्यंत फोन चालू ठेवायचो. एका शुक्रवारी पिक्चर मी निवडायचा, पुढच्या शुक्रवारी तिने.

गेल्या वर्षी आमच्याकडे शटडाउन होता. दुरुस्तीसाठी कारखाना बंद असतो, तेव्हा साधी रजा कुणालाच नसते. इमर्जन्सी असेल तर कंपनी त्याच दिवशी सोडते, पण वर्षातून एकदाच. आणि घरी आई आजारी होती, दोन्ही किडन्या थकल्या होत्या. ती एक रजा कधी वापरायची, या घोरात मी होतो. आज गेलो, आई सावरली, मी परत आलो आणि मग काही झालं तर? म्हणून रोज बायकोला विचारायचो, "येऊ का?" ती रोज सांगायची, "आता नको. आई बऱ्या हायत."

त्याच दिवसांतल्या एका शुक्रवारी पिक्चर निवडायची पाळी तिची होती. तिने नॉर्वेचा पिक्चर काढला. प्रेमाचा, आणि वर गाण्यांचा. "हा कुठनं शोधलास?" मी विचारलं. "बघा तरी," ती म्हणाली.

पैसे नसताना काढलेला पिक्चर लगेच कळतो. अख्ख्या गावात मिळून सहा माणसं. दुकानदारच पुढे पाद्री होतो, फक्त मिशी काढून. नायिका हिवाळाभर एकाच लाल स्वेटरमध्ये. संगीत म्हणजे एक पेटीसारखं वाद्य आणि एक गिटार. एका गाण्यात तर माइकची सावली भिंतीवर स्पष्ट दिसत होती. मी एकेक खोट मोठ्याने सांगत होतो. एरवी ती हसली असती.

पण खोटं कशाला बोलू, पिक्चरमध्ये दमही होता. नटांना गाता येत नव्हतं आणि ते लपवायचा कुणी प्रयत्न केला नव्हता. नायिका माशांच्या कारखान्यात कामाला. थंडीत मासे साफ करता करता गाते, तेव्हा तिच्या तोंडातून वाफ निघते आणि सूर हलतो. ते बघून मला गलबलून आलं. तिचा नवरा लांब समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर. इकडे त्याचा बाप अंथरुणाला खिळलेला, आणि ही फोनवर नवऱ्याला हसतखेळत गाऊन दाखवते की घरी सगळं ठीक आहे. फोन ठेवते आणि परत मासे कापायला लागते. एवढा एक प्रसंग त्यांनी मोठ्या पिक्चरवाल्यांना लाजवेल असा काढला होता.

शेवटी मात्र घाण केली. ती त्याला खरं सांगते, तेही सात-आठ मिनिटांचं गाणं म्हणून. तो तसाच निघतो, बोटीतून उतरतो, बाप त्याचा हात धरतो, खलास.

पिक्चर संपल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं? तिनं सांगितलं ते बरं केलं?"

आणि मी साहेबी थाटात निकाल दिला. "तीच तर सगळ्यात मोठी खोट. इतका वेळ ती शहाण्यासारखी वागली होती. लांबच्या माणसाला सांगून काय करायचं? काम सोडून तो असा येईल? काँट्रॅक्ट नाही त्याचं? त्याचा जीव टांगणीला, आणि बाप काय त्याच्या येण्याने बरा होणार आहे? आपल्याकडची कुठलीही बाई गप्प राहिली असती."

"हां," ती म्हणाली. "ठेवते. आईंना औषध द्यायचंय."

सोमवारी सकाळी साइटवर असताना मोठ्या भावाचा फोन आला. आई गेली होती. आपल्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत. दुपारच्या नमाजेनंतर दफन झालं, तेव्हा मी इथेच रजेच्या अर्जावरच्या सहीसाठी ऑफिसच्या बाकावर बसलो होतो. रजा मिळाली, त्याच दिवशी.

घरी पोहोचल्यावर मी बायकोवर भडकलो. रोज विचारत होतो ना, मग खोटं का सांगितलंस? तिने आधी ऐकून घेतलं. मग सांगितलं की भावाने घरात सगळ्यांना बजावलं होतं, शटडाउन संपेपर्यंत त्याला काही कळवायचं नाही. आईचंही तेच म्हणणं होतं. पण गुरुवारी, पिक्चरच्या आदल्या दिवशी, आईने तिला जवळ बोलावलं आणि म्हणाली, त्याला बोलव.

"भाईंचा शब्द मोडून कसं सांगू, तेच कळंना," ती म्हणाली. "म्हणून तो पिक्चर शोधला. म्हटलं, बघितल्यावर तुम्हीच म्हणाल, हिनं बरं केलं. मग सांगेन."

शनिवारी निघालो असतो तर रविवारी घरी असतो. रविवारी, बायको म्हणाली, आई दिवसभर शुद्धीत होती. दारात गाडी वाजली की मान वळवून बघत होती.