आत्याच्या तीन किल्ल्या

आमच्या आत्याचा या पृथ्वीवर कोणावरही विश्वास नाही. असलाच तर स्वतःच्या कुलपावर, आणि तेही ती लावल्यावर तीनदा ओढून बघते. इंझोरीतल्या तिच्या दोन खोल्यांना तीन किल्ल्या : बाहेरच्या दाराची, आतल्या खोलीची आणि पेटीची. तिन्ही काळ्या दोऱ्यात, गळ्यात. दूधवाल्यासमोरच ती दुधात बोट बुडवून चाखते. मतदारयादीवाला माणूस नाव विचारायला आला तर म्हणाली, "तुह्यापाशी लिवलेलं असन नं, मंग मले काहून इचारतं?" गुडघ्यांसाठी मिळालेली पहिली गोळी तिने आधी कंपाउंडरलाच खायला सांगितली होती.

पण आठवीत माझी शाळा सुटली तेव्हा याच बाईने मला घरात घेतलं. पुढे मी सुरतेला दोऱ्याच्या कारखान्यात निघालो, तर मंगरूळपीरच्या स्टँडवर गाडी हलेपर्यंत ड्रायव्हरकडे डोळे बारीक करून बघत उभी होती. "नीट नेजो बरं पोराले!" म्हणून त्याला दटावलंही. पुढे तिचे गुडघे गेले, नजर मंदावली, तसा इकडे सुरतेत माझा जीव थाऱ्यावर राहीना. एका सुट्टीत मी तिच्यापुढे बेत मांडला : आता पाणी भरायला कोणीतरी, पुढे आंघोळ घालायला, आणि अंथरुणच धरलंस तर दिवसभर. शेजारची लता या सगळ्याला तयार होती. आत्या म्हणाली, "म्हंजे मी कवा पडणार, हे तुमी दोघायनं ठरवून ठेवलं?" त्यात लतावर तिचा खास राग. अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा तीच तोडते, असं आत्याचं पक्कं मत. मी हात हलवत परत आलो.

आमच्या गल्लीत उजाडायच्या आत प्रत्येक दारापुढे शेणाचा सडा पडतो. एके दिवशी आत्याने मुद्दाम टाकलाच नाही. दाराचं कुलूप आतून लावून, पाट घेऊन दारामागे बसली आणि फटीतून बघत राहिली, कोणाला कधी समजतं ते. दोघीतिघी कोरड्या अंगणावरून तशाच निघून गेल्या. मग हातातली बादली तशीच टाकून लता आली. "ओ आत्याबाई! सडा काहून नाही पडला?" आत्या गप्प, किती वेळ हाका मारते ते तिला बघायचं होतं. लता हाका मारत बसली नाही. घरी जाऊन पहार घेऊन आली. पहिला घाव बसताच आतून आत्या ओरडली, "माह्यं दार मोडतं काय वं, चोट्टे!" लता पायरीवर मटकन बसली. "जित्ती हाय वं माय!" म्हणाली, आणि मग तिने आत्याला गल्ली गोळा होईपर्यंत झापलं.

फोनवर आत्याने मला हे तक्रार म्हणून सांगितलं. "पहार तयारच होती तिच्यापाशी. इचार कर!" पण पुढच्या खेपेला गेलो, तर बाहेरच्या दाराची किल्ली लताच्या कमरेला. मी बघतच राहिलो. "पहारीनं दार खराब होते," आत्या म्हणाली. "आंगोळीची पाळी आली का आतल्या खोलीची देईन." बेत माझाच होता, फक्त तिने त्याला कुलपं लावली होती.

यंदा आतल्या खोलीचीही गेली. लता आंघोळ घालते आणि आत्या विचारते, "साबण माह्याच हाय नं?" "तुमचाच हाय. चाखून पाहता काय?"

निघताना मी पेटीच्या किल्लीचं विचारलं. त्या पेटीत शेवटच्या दिवसाचं लुगडं घडी करून ठेवलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. त्या ड्रायव्हरकडे बघितलं होतं तसंच तिने माझ्याकडे बघितलं. "ते तुह्याच हाती देईन. पण तुले यावं लागन. फोनवर नाही देता येत."

आता रोज सकाळी लता मला आत्याच्या दारातल्या ओल्या सड्याचा फोटो पाठवते. मी तो मोठा करून बघतो. कालचाच तर पाठवला नाही ना? एकदा तसं विचारलंही. ती म्हणाली, "भाऊ, तुमी आत्याबाईवरच गेले." आज फोटोच्या कोपऱ्यात, उंबऱ्यावर, आत्याची दोन पावलं आली होती. ती नीट बघून घेतली, आणि मग चहा प्यायलो.