पक्कडने बसवलेलं कव्हर

माझ्या धाकट्या भावाला सगळे पक्कड म्हणतात. वस्तू ढिली दिसली की ती आवळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमच्याकडे आला की आधी दाराची कडी, मग कुकरच्या दांड्याचा स्क्रू आणि मग चहा. "अरे बाबा, घरातल्या माणसांकडेही बघ जरा," म्हणून मी किती वेळा ओरडले असेन! तो नुसता हसतो आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढतो. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

विजेवरच्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो कामाला आहे. गाडी लिफ्टवर चढते आणि हा दिवसभर मान वर करून तिच्या पोटाखाली उभा. गाडीच्या तळाला एक मोठं काळं कव्हर असतं, बॅटरीला दगड-पाणी लागू नये म्हणून. ते प्लॅस्टिकच्या क्लिपांवर अडकवलेलं असतं. "ताई, एवढ्या मोठ्या कव्हरला शर्टाच्या बटणाएवढ्या क्लिपा! अक्कल गहाण टाकली होती का यांनी?" असं तो जेवतानासुद्धा बडबडायचा. क्लिपा आपोआप तुटायच्या, कव्हर लोंबायचं, लोक तक्रारी घेऊन यायचे. क्लिपांमुळे काही बिघडलं असेल तर कंपनी वॉरंटीत मुकाट्याने दुरुस्त करून द्यायची, कारण चूक तिचीच होती.

आमचे हे त्याच कंपनीची गाडी टॅक्सी म्हणून चालवतात. घर त्या गाडीवर चालतं. माझं शिवणकाम आहे म्हणायला, पण त्यातून भाजी येते, घर नाही चालत.

एका संध्याकाळी हे घरी आले तेव्हा गाडीखालून खरखर आवाज येत होता. कव्हर पुढच्या बाजूने सुटून रस्त्याला घासत होतं. मी लगेच भावाला फोन लावला. त्याने सरळ सांगायला हवं होतं की रीतसर आणा, कामाची नोंद म्हणून जॉब कार्ड करा. पण तसं केलं की गाडी तपासणीच्या रांगेत अडकणार, तोवर धंदा बंद. त्याला आमची काळजी. "भाऊजी, सकाळी सगळे यायच्या आत गाडी घेऊन या. घरचंच काम आहे, कार्ड कशाला?" म्हणाला.

त्याने गाडी वर चढवली. तुटक्या क्लिपा काढल्या, झाडून कचऱ्यात टाकल्या आणि त्यांच्या जागी स्टीलचे बोल्ट घातले, खाली रुंद वायसर लावून. बॅटरीच्या डब्यावर एक ओरखडा दिसला. त्यावरून हात फिरवला, वरवरचा वाटला. "आता हे जन्मात सुटणार नाही," असं तो यांना म्हणाला, आणि यांच्याकडून ते ऐकून मी त्याचं तोंड भरून कौतुक केलं.

तो ओरखडा नव्हता, चीर होती. तिच्यातून हळूहळू ओल आत गेली. एका दुपारी मागे प्रवासी बसलेला असतानाच लाल दिवा लागला आणि गाडी भर रस्त्यात थांबली ती थांबलीच. बॅटरी गेली होती. नवी बॅटरी म्हणजे जवळजवळ दुसरी गाडीच. यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, वॉरंटी आहे ना, घाबरता काय?" असं मीच त्यांना म्हणाले.

कंपनीचा तपासनीस आला तेव्हा आम्हा दोघांनाही सर्व्हिस सेंटरमध्ये बोलावलं. गाडी लिफ्टवर होती आणि खाली दिवा धरून उभा कोण, तर पक्कड. त्यालाच धरायला सांगितलं होतं. तपासनीस माणूस वाईट नव्हता हो, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

त्याने बोल्टवर नखाने टकटक केलं. "हे आमचे नाहीत. कव्हर कुणीतरी बाहेर उघडलंय. मूळच्या क्लिपा कुठे आहेत? तुटलेल्या का असेनात, दाखवा, मी आत्ता क्लेम मंजूर करतो."

कुठून दाखवणार? त्या केव्हाच कचऱ्यात गेल्या होत्या.

"कोणी उघडलं हे?"

मी भावाकडे बघितलं, मग यांच्याकडे. खरं सांगावं तर भावाची नोकरी जाणार, गप्प बसावं तर आमची गाडी. पक्कडने तोंड उघडलं, "साहेब, ते..."

"मी उघडलं," हे मध्येच म्हणाले. "घरीच. हात शिवशिवले, दुसरं काय."

या माणसाला घरातला बल्ब बदलता येत नाही! तपासनीसाने यांच्याकडे जरा वेळ बघितलं. "मग माझ्या हातात काही नाही," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

बाहेर आल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणाला विचारून बोललात? आता खायचं काय?"

"अगं, त्याच्याही घरात पोरं आहेत," हे म्हणाले.

पण पक्कडला राहवलं नाही. आम्हाला न सांगता तो मॅनेजरकडे गेला आणि सगळं कबूल करून मोकळा झाला. मॅनेजरने उठून दार लावलं. म्हणाला, "कार्डाशिवाय केलेलं काम कंपनीच्या लेखी बाहेरचंच. तू खरं सांगितलंस म्हणून क्लेम मंजूर होत नाही, फक्त तू घरी जातोस. मी काही ऐकलेलं नाही. जा, कामाला लाग."

त्याच संध्याकाळी भाऊ आमच्या दारात येऊन पायरीवर बसला. आत येईना. "ताई, खरं बोलूनही काही उपयोग होत नाही गं," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. त्याला झापायचं म्हणून मी दिवसभर मनात जुळवून ठेवलं होतं. पण नुसती त्याच्या शेजारी बसून राहिले.

क्लेम नाकारलेली गाडी जशी आली तशीच परत द्यायची, असा तिथला नियम. म्हणजे कव्हर पुन्हा बसवून. दुसऱ्या कुणालाही सांगता आलं असतं, पण पक्कडने ते काम स्वतःकडे घेतलं. आम्ही काचेपलीकडे उभे होतो. तेच बोल्ट, तेच वायसर. एकेक आवळला, मग परत पहिल्यापासून प्रत्येकाला हाताने ओढून बघितलं. जागची हलू न शकणाऱ्या गाडीचं कव्हर तो इतकं जिवापाड बसवत होता की मला ते बघवेना.

गाडी खाली उतरली. हात पुसत तो बाहेर आला. यांच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

"भाऊजी, कव्हर पक्कं बसवलंय."

"हो रे," हे म्हणाले. "तुझं काम चांगलंच असतं."

गाडी ओढून न्यायला बोलावलेली क्रेन फाटकापाशी थांबली होती. हे स्टिअरिंगला बसले आणि आम्ही दोघं बहीणभाऊ मागून गाडी ढकलत फाटकापर्यंत घेऊन गेलो.